पलीकडचं भाडं

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार
जानेफळ

शाळेच्या बोर्डिंगमध्ये दर शनिवारी सिस्टर आमच्या डायऱ्या तपासत. त्यामुळे त्या डायऱ्यांत मी कधीच कुणावर रागावलेले नाही, मला कधीच घरची आठवण आलेली नाही, आणि मेसमधली डाळ मला रोज आवडलेली आहे. इंग्रजी मात्र सुरेख होतं. आता बासष्टाव्या वर्षी पुन्हा वही उघडली, ती मराठीत. ही कुणी तपासायला मागणार नाही. मागणारा एक होता, तोही "काय लिहून राह्यली वं?" एवढं विचारून चष्मा शोधायला लागायचा.

ह्यांना जाऊन सात महिने झाले. त्यांचा फोन मी अजून दर महिन्याला रिचार्ज करते. शेजारच्या विमलबाई परवा म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या फोनाले कायचा रिचार्ज वो बाई?" मी म्हटलं, पेन्शनच्या कामाला लागतो. लागत नाही.

आज त्या फोनवर ईमेल आला. तुम्ही पाठवलेली रक्कम पलीकडे तयार आहे, ती अजून क्लेम केलेली नाही, हा ब्रिज ३१ मार्चला कायमचा बंद होत आहे, त्यानंतर ती मिळणार नाही. इंग्रजीतला शब्दन् शब्द कळला आणि एकूण काहीच कळलं नाही. फसवणुकीचे मेल येतात ते मला ठाऊक आहे. पण त्यात ह्यांनी पाठवल्याची तारीख होती. १९ जुलै २०२४. जाण्याच्या चार दिवस आधीची.

१ मार्च, शनिवार

मेहकरला जाऊन आले. बसस्टँडसमोर यास्मीनचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षांचे फॉर्म, सगळं तिथे होतं. ती अकरावी-बारावीला ह्यांच्या फिजिक्सच्या वर्गात होती. निवृत्तीनंतर हे आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाऊन बसत. मी समजत होते, फुकट पेपर वाचायला जातात.

तिने ह्यांच्या फोनमधलं एक ॲप उघडलं. त्याचा पिन आणि फोनचा पिन एकच, आमच्या लग्नाचं साल.

"काकू, हे क्रिप्टो हाय."

"म्हणजे जुगार?"

"खेळणारे जुगारच खेळतात. पण सर पक्के कंजूष, सर काय खेळतात!"

मग तिने मला एका कागदावर दोन गोल काढून दाखवले. हे एक नेटवर्क, हे दुसरं. इकडचं टोकन तिकडे चालत नाही. हे मला लगेच समजलं. बोर्डिंगमध्ये खाऊच्या दुकानासाठी आम्हाला पत्र्याची टोकनं मिळायची. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की त्याचा नुसता पत्रा व्हायचा, गोळीवालासुद्धा घेत नसे.

"तं मधात ब्रिज राह्यते. इकडं आपलं टोकन कुलपात टाकायचं. ते तिथंच राह्यते. तेवढंच दुसरं मंग तिकडं निघते."

"म्हणजे इथलं तिकडे जातच नाही?"

"नाही ना. ते कुलपात, अन् त्याच्या भरोशावर तिकडं दुसरं."

तेही लगेच नाही. सात दिवस थांबावं लागतं. यास्मीन म्हणाली, तलाठ्याकडे फेरफाराची नोटीस लागते ना, हरकत घ्यायले पंधरा दिवस, तसंच. सात दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की पाठवणाऱ्याने स्वतः पुन्हा यायचं आणि पलीकडे 'क्लेम' दाबायचं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते दाबता येत नाही. दाबलं की ज्याच्या पत्त्यावर पाठवलं त्याला मिळतं. नाही दाबलं तर ते ना इकडे ना तिकडे.

"सरनं एकोणीसले टाकलं," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सात दिवस भरले सव्वीसले."

हे गेले तेवीसला. सकाळी चहा पिऊन कप खाली ठेवला, तो ठेवलेलाच राहिला.

बाहेर कंडक्टर "चिखली, चिखली" ओरडत होता. मग मी विचारलं, "पाठवत कुणाला होते गं?"

यास्मीन उठून प्रिंटरमध्ये कागद भरायला लागली. त्यात कागद होता. "काकू, उद्यापासून रोजे हायेत, आज लय गर्दी हाय. तुम्ही मंग या ना."

सेंटरमध्ये माझ्याशिवाय एकच माणूस होता. पण खरंच, मी तिचा बराच वेळ खाल्ला.

५ मार्च, बुधवार

ॲपमधली यादी मी वहीत उतरवून काढली. आकडे लिहीत नाही, त्यांची मला लाज वाटते. एकाच पत्त्यावर, दर महिन्याच्या एकोणिसाला, एप्रिल २०२१ पासून. चाळीस वेळा. पत्ता म्हणजे नाव-गाव नाही, नुसती अक्षरांची आणि अंकांची माळ. नोव्हेंबरात दरवर्षी दुप्पट गेले आहेत. दिवाळीच्या सुमारास टोकनांचे भाव चढत असतील.

कुणीतरी ह्यांना गाठलं आणि फसवलं. निवृत्त मास्तर, भोळा माणूस. सव्वातीन वर्षं माझ्या शेजारी बसून जेवले आणि मला काही बोलले नाहीत. शरम वाटली असेल. दादांना हे कळता कामा नये. दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ भगवानराव, डोणगावला असतात. त्यांना कळलं तर ते चार ठिकाणी सांगतील की शिकलेला भाऊ कसा लुबाडला गेला.

करिष्मा असती तर तिने पाच मिनिटांत शोधून काढलं असतं. ती ह्याच कामात आहे, पोर्तुगालमध्ये, लिस्बनला. असं ऐकलं आहे.

तिचं नाव वहीत लिहिलं, तर लिहूनच टाकते. आमची एकुलती एक मुलगी. दादांनी स्वतःच्या मेहुण्याच्या मुलाशी तिचं लग्न जुळवलं. अकरा महिन्यांत ती घरी परत आली. का आली ते तिने मला सांगितलं होतं, फक्त मला, स्वयंपाकघरात, दाराला कडी लावून. मी ते ह्यांना सांगताना अर्धं गिळलं. जी वाक्यं बोलायला हवी होती ती माझ्या तोंडी कधी बसवलीच गेली नव्हती. मग बैठकीत चार माणसांसमोर दादा म्हणाले, पोरगी परत नांदायला जाईल नाही तर आपला संबंध संपला, आणि हे म्हणाले, "आजपासून मले पोरगी नाही. या घरात तिचं नाव कोणी घ्यायचं नाही." सप्टेंबर २०१९. करिष्मा दारातच उभी होती.

तिचा नंबर बदललेला नाही. रोज दुपारी मी व्हॉट्सॲपवर तिचा फोटो उघडते. सध्या एका गॅलरीचा आहे, कठड्यावर कुंडी, कुंडीत रोप. मोठं करून पाहिलं तरी रोप ओळखू येत नाही. नोव्हेंबरात तिच्या वाढदिवसाला मी शिरा करते आणि ह्यांना सांगायचे, रवा उरला होता.

जुलैत ती आली नाही. आमच्याकडे कुणी गेलं की निरोप देण्याचं काम भावकीतल्या वडीलधाऱ्याचं, बायकांनी तेरा दिवस फोनला हात लावायचा नाही. दादांनी सगळ्यांना निरोप दिले. जाफराबादहून दादांच्या मेहुण्याकडचीही माणसं आली. मी भिंतीला टेकून दाराकडे बघत होते. दहाव्याला नाही, तेरवीला नाही. त्या दिवसांतही तिचा फोटो बदलला होता, समुद्राचा होता. तेव्हापासून माझ्याच्याने नंबर दाबला जात नाही.

९ मार्च, रविवार

दादा आले होते. डाळीसाठी हरभरा आणि गव्हाचं पोतं घेऊन. ह्या वयातही पोतं स्वतः उतरवलं.

"काय मडमबाई, फोनात काय हुडकून राह्यल्या?" मी कॉन्व्हेंटची म्हणून लग्नापासून त्यांची मी मडमबाई.

"काही नाही दादा, जुने फोटो."

"गजेंद्रनं शेर-बिर घेतले होते का कुठं? आमच्या तिकडं येकाचे लय डुबले."

"नाही हो."

"मी म्हणलं, इचारून घ्यावं." जाताना अंगणात थांबून त्यांनी ह्यांच्या चपलांकडे पाहिलं. अजून तिथेच आहेत. "ह्या उचला वो आता," म्हणाले, आणि आवाज नीट नव्हता. मला त्यांचा राग येत नाही म्हणून स्वतःचा येतो.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. आमच्याकडे यंदा सण नाही, त्यामुळे कुणी दार वाजवलं नाही. करिष्मा सात वर्षांची असताना पिचकारी घेऊन ह्यांच्यामागे सबंध घरभर धावली होती आणि हे पेपरांचा गठ्ठा डोक्यावर धरून पळत होते, "बोर्डाचे पेपर हायेत बे, बोर्डाचे!" कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेवर हिरवा शिंतोडा उडालाच. हे आठवडाभर घाबरलेले.

घर फार स्वच्छ आहे आज.

१८ मार्च, मंगळवार

पुन्हा यास्मीनकडे गेले. रोज्याने तिचे ओठ सुकलेले. मी तिला सरळ सांगितलं, ते अडकलेलं मला परत आणायचं आहे, त्या चोराला आणखी एक पैसा मिळायला नको.

"काकू, वापस नाही येत ते," ती म्हणाली. "अन् आणायचंबी नाही."

"काऊन?" तिच्याशी बोलताना मी तिच्याचसारखी बोलायला लागते.

तिने शटर अर्धं खाली ओढलं. "ते कोण्या चोराले नाही गेलं. करिष्माताईले गेलं."

मी खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसले होते एवढं आठवतं.

तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला करिष्माने ह्यांच्या फोनवर हे ॲप खेळ म्हणून करून दिलं होतं. बाबा, हा तुमचा पत्ता, हा माझा. तिचा पत्ता ह्यांनी चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवला होता. २०२१ च्या मार्चमध्ये ती चिठ्ठी घेऊन ते यास्मीनकडे आले. बँकेतून का नाही, असं तिने विचारलं होतं. "सर म्हणे, पासबुक तुही काकू भरून आणते. तिले दिसलं तं ती फोन करंन. तिनं फोन केला तं दादाले कळंन. मी चार माणसांत बोललो, आता कोणत्या तोंडानं वापस घेऊ?"

"ताई काही लिहायची का त्यांना?"

"नाही ना. ताईचं कधी काईच आलं नाही. सर दर डाव येऊन इचारत, पोचलं का वं? मी पाहून सांगो, पोचलं सर. मंग येक कटिंग पेत अन् घरी जात. मागून मागून सोताच करायले शिकले. म्हणून हे जुलैचं मले ठाऊक नव्हतं."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कुठली गावं गेली कळलं नाही.

१९ मार्च, बुधवार

चाळीस वेळा.

मी साडेपाच वर्षं तिचं नाव घेतलं नाही. देवापुढे घ्यायची तेसुद्धा मनात, ओठ न हलवता, तुम्ही शेजारी असायचात म्हणून. तुमचा शब्द राहावा म्हणून. तुम्ही तो शब्द दीड वर्षात मोडलात आणि मला मात्र त्याच्यात बसवून ठेवलंत. पोचलं का, हे यास्मीनला विचारलंत. मला एकदा विचारलं असतंत, पुष्पा, तुलाही आठवण येते का, तर मी चहाचं आधण ठेवून तुम्हाला सगळं सांगितलं असतं, कडी लावून तिने जे सांगितलं तेही, अर्धं न गिळता.

आज तुमच्या चपला उचलल्या. फेकायला निघाले होते. पुसून परत ठेवल्या.

२२ मार्च, शनिवार

ठरवलं की निदान हे शेवटचं तिला पोचलं पाहिजे. ती आली नाही तर नाही. बापाने पाठवलेलं आहे, ते मध्ये लोंबकळत ठेवणारी मी कोण.

यास्मीन म्हणाली, क्लेम दाबायला पलीकडचं भाडं लागतं. त्याला गॅस म्हणतात, पण ती भाडंच म्हणते. ह्यांच्या इकडच्या खात्यात थोडं शिल्लक होतं, मी म्हटलं त्यातून घे. तर तसं चालत नाही, इकडचं भाडं इकडे, तिकडचं तिकडे. आता तिकडचं विकत घ्यावं लागेल, त्याला ओळखपत्रं, सरांच्या नावाने होणार नाही, आठ-दहा दिवस जातील. आज बावीस. ब्रिज एकतीसला बंद.

"थांबा, सरचं तिकडं काई उरलं-सुरलं हाय का पाहू." ॲपमध्ये वर एक नाव असतं, ते बदललं की पलीकडचं दिसतं. नाही बदललं तर काहीच दिसत नाही, असलं तरी. मी इतके दिवस फक्त अलीकडचंच बघत होते.

तिने नाव बदललं. आणि खुर्ची पुढे ओढली.

तिथे ह्यांच्या जुन्या क्लेमच्या वर आठ नव्या नोंदी होत्या. बाहेर गेलेल्या नाहीत, आलेल्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, अशा थेट परवाच्या एकोणीस मार्चपर्यंत. आठही त्याच पत्त्यावरून.

"ताईनं पाठवले," यास्मीन म्हणाली. "लय बारीक हायेत, काकू. हे पैसे म्हणून नाही पाठवले. हे भाड्याएवढंच हाय. सरचं अडकलं ते ताईले तिकडून दिसत असन. तिले वाटलं, सरजवळचं तिकडचं भाडं संपलं." तिने माऊस हातात घेतला. "आता होते! आठ महिन्याचं जमा हाय. दाबू का?"

मी तिचा हात धरला. इतका जोरात की तिने माझ्याकडे पाहिलं.

मेलेल्या माणसाला कुणी भाडं पाठवत नाही.

तिला माहीतच नाही. तिला कुणी सांगितलेलंच नाही. समुद्राचा फोटो लावला त्या दिवशी तिच्यासाठी तिचे बाबा जानेफळात पेपर वाचत बसले होते. आणि आज मी हे दाबलं असतं, तर तिला तिकडे दिसलं असतं की बाबांना भाडं मिळालं, बाबांनी पाठवलं, बाबांचा राग गेला.

"या खुदा," यास्मीन पुटपुटली. "मले वाटलं, घरून कळलंच असन."

सगळ्यांनाच तसं वाटलं.

२४ मार्च, सोमवार

डोणगावला गेले. दादा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. वहिनी आत होत्या, त्यांना मी नमस्कार केला आणि बाहेरच बसले.

"दादा, जुलैत करिष्माला निरोप दिला होता का?"

विळा थांबला. "आज काऊन इचारून राह्यल्या?"

"दिला होता का?"

"तिनं काई म्हणलं का?"

"दादा."

त्यांनी विळा खाली ठेवला. "येक डाव लावला होता फोन. त्याच दिवशी. लागला नाही. तिकडं रात असन, काय असन." धारेचा दगड बाजूला सारून म्हणाले, "मंग नाही लावला. ती आली असती तं आमच्या सोयऱ्याइनं तेरवीत पाय ठेवला नसता. म्हणलं, देवानंच नाही लागू देल्ला. बरं झालं."

"तिला अजून माहीत नाही."

"अजून?" ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही सांगतलं नाही? तेरा दिवसांनंतर तुमच्या फोनाले कोणी कुलूप लावलं होतं?"

मी बोलायला गेले होते आणि ऐकून आले. बसला निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. "मी सांगू का तिले?" खाली बघून म्हणाले. "माह्यं काम होतं."

"नको दादा. आता मी सांगते."

पुढे चालायला लागले तर मागून, "मडमबाई, सांभाळून सांगजा."

२७ मार्च, गुरुवार

मंगळवारी नाही. काल नाही. आज तिचं नाव उघडून वीस मिनिटं बसले. कुंडीतल्या रोपाला फूल आलं आहे, पांढरं. इंग्रजीत वाक्य तयार केलं, मराठीत केलं. दोन्ही खोडली. चार दिवस उरले.

२९ मार्च, शनिवार

दुपारी तीन. तिकडे साडेनऊ सकाळचे, सुटीचा दिवस. ह्यांचा फोन टेबलावर, ॲप उघडून ठेवलेलं. यास्मीनने काल सगळं लिहून दिलं होतं, शेवटचं बटण सोडून. मी माझ्या फोनवरून लावला. एक रिंग गेली आणि मी कापला.

दहा सेकंदांत तिचा आला.

"आई?" आवाज थोडा जाड झालाय. "आई, बाबाले काय झालं?"

लहानपणापासून माझ्याशी ती पुस्तकातलं बोलायची आणि वऱ्हाडी फक्त ह्यांच्याशी. मी तयार केलेलं सगळं गेलं.

"बाबा गेले, बेटा."

तिकडे नळ चालू होता. तो बंद केल्याचा आवाज आला.

"कधी?"

"तेवीस जुलैला. सकाळी. काही त्रास झाला नाही, चहा पीत होते."

मी दोनदा फोन कानावरून काढून बघितलं, कट तर नाही झाला.

"मी त्यांना फी पाठवत होते," ती म्हणाली.

"माहीत आहे. पाहिलं मी."

"मला वाटलं, विसरले. दुसरी पायरी ते नेहमी विसरायचे, दोन-दोन दिवस उशीर करायचे. मग वाटलं चिडले. म्हटलं चिडू देत, पण चीड गेली की नुसतं भाडं नाही म्हणून अडायला नको." तीही भाडंच म्हणाली. "एकोणचाळीस वेळा त्यांचं आलं आणि मी एकदाही काही पाठवलं नव्हतं, आई. एकदाही नाही. त्यांचं यायचं थांबलं, तेव्हा पाठवलं."

"मला विचारायचं होतंस गं."

"तूही विचारलं नाहीस."

"नाही."

कुणी निरोप दिला नाही ते मी सांगितलं. दादांचं नाव घेतलं, पण एक फोन लावल्याचंही सांगितलं. आणि तेरा दिवसांनंतरचा माझा फोन, तेही. ती म्हणाली, "समुद्राचा फोटो होता तेव्हा माझा." म्हणजे तीही तारखा लावत होती.

मग म्हणाली, "ते अजून तिथेच आहे ना? सोमवारी बंद होतंय."

"यास्मीनने सगळं तयार करून दिलंय. फक्त दाबायचं आहे. तू असताना दाबावं म्हटलं."

"वर कुठलं नाव आहे वाच."

मी वाचलं.

"बरोबर. खाली क्लेम आहे? निळा?"

"आहे."

"आई, थांब. दाबू नकोस."

थांबले. बोट काचेपासून एवढंसं वर.

"आठ महिने मी रोज बघते," ती म्हणाली. "तिथे लिहिलेलं असतं, येणार आहे. हे आलं की काही यायचं राहणार नाही."

मला तिला समजवायचं होतं. आईने काही तरी म्हणायला हवं असतं अशा वेळी. मला फक्त हे सांगता आलं की चहाच्या कपात थोडा चहा उरला होता आणि तो मी दोन दिवस ओतला नव्हता. मग कुणी तरी येऊन ओतला.

"तू ओतायला हवा होतास," ती म्हणाली.

"हो."

"दाब."

दाबलं. एक लहानसं चाक फिरायला लागलं. तिचंच भाडं त्यातून वजा झालं, ते आधी दिसलं. ती म्हणाली, आता काही मिनिटं लागतील, करण्यासारखं काही नाही. आम्ही बसलो. तिने विचारलं, तिकडे खूप ऊन आहे का. मी म्हटलं, आहे, अंगणात पाय ठेववत नाही. मी विचारलं, कुंडीत काय लावलंयस. म्हणाली, मोगरा, पण इथल्याला वास कमी येतो. तिच्या श्वासाचा आवाज मला येत होता आणि मी तो अगदी जवळून ऐकत होते, लहानपणी ताप आला की ऐकायचे तसा.

"आलं," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. मोठ्याने, तोंड न दाबता. मी फोन कानाला घट्ट धरला. त्याहून जवळ जाण्याचा काही उपाय नव्हता. मीही रडत होते की नाही ते आता आठवत नाही, पदर ओला होता.

पाच वाजत आले तेव्हा माझा फोन टूं टूं करायला लागला.

"तुझी बॅटरी संपतेय," ती नाक ओढत म्हणाली. "चार्जर कुठाय?"

"आत. कपाटाजवळ."

"मग उठ, घेऊन ये."

"कट झाला तर?"

"जा गं तू," ती म्हणाली. "मी थांबते."